हिरव्या झाकणाची बाटली

आर्ची लेडलॉने आयुष्यात बायकोला न विचारता मोजकेच निर्णय घेतले होते, आणि त्यातला एकही त्याच्या अंगाशी आल्याशिवाय राहिला नव्हता. (एकदा त्याने न विचारता कुत्रा आणला. कुत्रा अजून आहे, पण तो आता बायकोचा, म्हणजे एफीचा आहे. आर्चीने हाक मारली तर तो आधी एफीकडे बघतो.) तरीसुद्धा नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, एफीला केल्सोच्या बसमध्ये बसवून दिल्यावर, त्याने आणखी एक निर्णय घेतला. बायको संध्याकाळी परत यायच्या आत तिचा कॅशमिअरचा स्वेटर आपण धुवायचा. नुसता धुवायचा नाही, तर पहिल्यासारखा मऊ करून ठेवायचा.

स्वेटर धुण्यात निर्णय कसला, असं कुणालाही वाटेल. पण हा स्वेटर एफीचा एकटीचा नव्हता. तो तिच्या आईचा. आर्चीच्या सासूबाईंनी, म्हणजे नेलबाईंनी, उभा जन्म हॉइकच्या लोकरीच्या गिरणीत काढला, आणि त्या निवृत्त झाल्या तेव्हा सोबतच्या बायकांनी गिरणीतलं सगळ्यात तलम सूत काढून त्यांच्यासाठी हा स्वेटर विणवून घेतला होता. रंग दुधाच्या सायीचा, आणि मऊपणाही तसाच. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांनी घर, भांडी, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्याची दोन्ही मुलींत व्यवस्थित वाटणी केली होती. स्वेटरबद्दल मात्र एवढंच सांगून ठेवलं होतं, की दोघींनी वापरा.

एक स्वेटर दोघींनी कसा वापरायचा? तर एक वर्ष एकीने, एक वर्ष दुसरीने. आईच्या वाढदिवसानंतरचा जो पहिला रविवार येईल त्या दिवशी चार वाजता चहा, लोण्याची बिस्किटं, आणि मग स्वेटरची देवघेव. थोरली बहीण ग्रिझेल जेडबर्गला राहायची. ती एका शाळेची मुख्याध्यापिका होती, आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तिच्यातली मुख्याध्यापिका निवृत्त झालेली नव्हती. लग्न तिने केलं नाही. तिच्यासमोर बसलं की आर्चीला आपली नखं वाढली आहेत असं वाटायचं.

आता झालं होतं असं, की दोन वर्षांपूर्वी एफीने स्वेटर ग्रिझेलच्या हातात दिला तेव्हा ग्रिझेलने तो गालाला लावला, मग खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, आणि म्हणाली, "हं."

बस, एवढंच. पण हॉइकमध्ये घरटी एक माणूस लोकरीच्या गिरणीत राबलेला. इथे माणसं एकमेकांची पापं पोटात घालतात, पण खरखरीत स्वेटर घालत नाहीत. त्यामुळे त्या एका "हं"चा अर्थ एफीने दोन वर्षं शोधला आणि तिला तो एकच सापडला. ग्रिझेलला म्हणायचं होतं, की आईचा स्वेटर तुझ्याकडे राहून खरखरीत झाला. मधल्या वर्षी ग्रिझेलने परत दिला तेव्हा तो चांगला मऊ होता, हे तर एफीला जास्तच लागलं. आणि उद्या पुन्हा देण्याची पाळी एफीची होती.

शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर एफीने स्वेटर मांडीवर घेतला. कोपरांवर लोकरीच्या बारीक गोळ्या धरल्या होत्या. छातीवरचा भाग ताठ लागत होता. तिने छोट्या कंगव्याने गोळ्या काढल्या, स्वेटर गालाला लावला, आणि तिच्या तोंडून असा सुस्कारा निघाला की आर्चीच्या हातातलं वर्तमानपत्र हललं. मागच्याच आठवड्यात धुवायला हवा होता, ती म्हणाली. पण गायनमंडळाच्या तालमीत राहून गेलं. उद्या दिवसभर केल्सोला कार्यक्रम, परत आल्यावर धुतला तर रविवारी चारपर्यंत वाळायचा नाही. जाऊ दे. ग्रिझेल काय म्हणायचं ते म्हणेल.

एफीने हे "जाऊ दे" ज्या सुरात म्हटलं, त्या सुरात माणसं देश सोडून जातात. आर्चीला ते बघवलं नाही. एफी सहसा हरणारी बाई नव्हती, आणि ती हरलेली दिसली की घरातला दिवा कुणी बारीक केल्यासारखं त्याला वाटायचं. त्या सुस्काऱ्याच्या पोटी त्याचा निर्णय जन्माला आला.

आता आर्ची हा हॉइकमधला बहुधा एकमेव पुरुष, ज्याने लोकरीला कामासाठी कधी हात लावला नव्हता. तो मूळचा फाइफच्या किनाऱ्यावरचा, मच्छीमारांच्या गावचा. हॉइकला येऊन त्याने नगरपालिकेत पार्किंगचे परवाने देण्याची नोकरी केली, इथेच लग्न केलं, इथेच त्याला टक्कल पडलं. तरी गावात अजून त्याची ओळख "एफीचा तो बाहेरगावचा नवरा" अशीच होती. पण आपल्याला जे येत नाही ते विचारून घ्यावं एवढी अक्कल त्याला होती. (कुणाला विचारावं, याची नव्हती.) म्हणून बसथांब्यावरून तो थेट क्लबात गेला. थंडीमुळे हिरवळीवर गोळे घरंगळवायचा बोलिंगचा खेळ बंद होता, पण आत शेगडीपाशी त्याचे मित्र टॅम आणि वॅट बसलेलेच होते. टॅम गिरणीत सूतकताईला होता आणि वॅट रंगखात्यात. दोघांचं चाळीस वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं.

आर्चीने सहज विचारल्यासारखं विचारलं, की कॅशमिअर पुन्हा मऊ करायचा असेल तर काय करतात.

दोघांनी पेले खाली ठेवले. मग जे सुरू झालं ते ऐकून आर्चीला आपण पार्किंगचा परवाना किती सहजासहजी द्यायचो असं वाटलं. टॅम म्हणाला, पाणी कोमट, हाताला लागेल न लागेल इतकंच. गरम पाणी घातलंस तर स्वेटर आटेल, मग तो कुत्र्याला घालावा लागेल. चोळायचं नाही, पिळायचं नाही, टांगायचं नाही. बाळांचा शाम्पू घे, आणि साबणाचा अंश राहू देऊ नकोस. मागचा साबण राहतो म्हणूनच लोकर ताठ होते. मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि सपाट पसरायचा. वॅट म्हणाला, हे सगळं ठीक आहे, पण हे झालं स्वच्छ करणं. मऊ करणं वेगळं. त्याला धुतल्यावर वरून काहीतरी द्यावं लागतं.

"काय द्यावं लागतं?" आर्चीने विचारलं.

"कॅशमिअर म्हणजे काय?" वॅट म्हणाला. "बकरीचे केस. तुझी बायको केस धुतल्यावर काय लावते?"

"मला काय माहीत?"

"जे काही लावत असेल ते लाव. बकरी काय न् बायको काय, केस ते केस."

टॅमने आयुष्यात पहिल्यांदा वॅटशी सहमत होत मान डोलावली, आणि फक्त एवढं सुचवलं, की हे वाक्य एफीसमोर जसंच्या तसं बोलू नकोस.

आर्ची घरी आला. बाह्या सरसावल्या. टबात कोमट पाणी घेतलं, तान्ह्या नातवासाठी आणून ठेवलेला शाम्पू त्यात घातला, आणि स्वेटर पाण्यात असा सोडला जसं धर्मगुरूने बाप्तिस्म्याला मूल धरावं. त्याने चोळलं नाही, पिळलं नाही. नुसता हाताने हळूहळू दाबत राहिला. पाणी तीनदा बदललं, साबणाचा अंश काढून टाकला. इथवर सगळं इतकं बिनचूक झालं, की तो स्वतःशीच एक कोळीगीत गुणगुणू लागला. खरं तर याच क्षणी त्याने थांबायला हवं होतं. पण पुरुषाला एखादं घरकाम जमायला लागलं की तो थांबत नाही, हा त्या कामाचा दोष म्हणावा लागेल.

आता वरून द्यायचं काहीतरी. न्हाणीघरातल्या फळीवर एफीच्या बाटल्यांची ही रांग. आर्चीचा केसांशी संबंध सुटून वीस-एक वर्षं झाली असतील, तेव्हापासून ती फळी त्याच्या दृष्टीने परमुलूख होती. वाफेने चष्मा धुरकटलेला. त्याने एकेक बाटली नाकाशी नेली. पुढच्या बाटल्यांवर नुसतं शाम्पू लिहिलेलं. सगळ्यात मागे, कोपऱ्यात, एक हिरव्या झाकणाची बाटली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, "कंडिशनर. मऊ, रेशमी केसांसाठी." मागे लपवून ठेवलेली म्हणजे नक्कीच भारीतली. त्याने झाकण उघडलं. बदामाचा सुरेख वास आला. आतली मलई रंगाने जरा गाजरासारखी होती, पण हल्ली सगळ्यात गाजर, काकडी घालतातच.

किती घालायचं ते वॅटने सांगितलं नव्हतं. आर्चीने मनाशी हिशोब केला, की एका डोक्याला जर चमचाभर लागत असेल तर एका अख्ख्या बकरीला किती लागेल, आणि बाटली रिकामी केली. मग स्वेटरला ती मलई नीट मुरावी म्हणून तो खाली गेला आणि रेडिओवर हॉइकच्या संघाचा रग्बीचा सामना लावून बसला. हॉइक जिंकत होतं. असा सामना कोण अर्धवट सोडतो?

सामना संपल्यावर तो शीळ घालत वर गेला आणि टबात हात घातला. काय तो मऊपणा! लोण्यात हात घातल्यासारखं वाटलं. ताठपणाचा मागमूस नाही. बोटांतून नुसता ओघळत होता स्वेटर. आर्चीचे डोळे भरून आले. मग त्याने चष्मा पुसला, आणि डोळे कोरडे झाले.

स्वेटर तांबडा झाला होता.

तांबडा म्हणजे विटकरी नाही, केशरीही नाही. पॉलिश केलेल्या तांब्याच्या भांड्यावर संध्याकाळचं ऊन पडावं तसा. ओल्या कपड्याचा रंग जरा गडद दिसतोच, असं आर्चीने स्वतःला समजावलं. त्याने स्वेटर पुन्हा धुतला. पुन्हा, आणि पुन्हा. पाणी स्वच्छ झालं, स्वेटर झाला नाही. त्याने तो पांढऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला, तर टॉवेललाही जराशी लाली आली. तेव्हा कुठे त्याचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं. दोन्ही हात मनगटापर्यंत तांब्याचे.

त्याने वॅटला फोन लावला. आपल्या ओळखीच्या एकाचा, हॉइकबाहेरच्या एकाचा, सायीच्या रंगाचा स्वेटर चुकून तांबडा झाला तर काय करावं, असं विचारलं.

वॅटने विचारलं, "रंग ढगाळ बसलाय की एकसारखा?"

"एकसारखा."

"शिवणीतसुद्धा?"

"शिवणीतसुद्धा."

"मग त्या ओळखीच्याला सांग, गप्प बस," वॅट म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता. "एवढा एकसारखा रंग बसवायला आम्ही हयात घालवली. तो आता जायचा नाही."

आर्चीने स्वेटर स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल पसरून सपाट ठेवला, बाह्या नीट केल्या, आणि त्याच्या उशाशी खुर्ची घेऊन बसला. बाहेर अंधारलं. एफीच्या बसची वेळ झाली. फाटक वाजलं, कुत्रा धावला, आणि एफी गाणं गुणगुणतच आत आली. कार्यक्रम छान झाला असावा. स्वयंपाकघराच्या दारात तिने टोपी काढली आणि दिव्याखाली उभी राहिली.

आर्चीने टेबलावरच्या स्वेटरकडे पाहिलं. मग एफीच्या केसांकडे पाहिलं. मग पुन्हा स्वेटरकडे. एका ताग्यातून कापल्यासारखे दोन्ही.

एफीनेही स्वेटरकडे पाहिलं. तिचं गाणं थांबलं.

"हे काय आहे?"

"धुतला. तुला आनंद व्हावा म्हणून."

"कशाने?"

"बाळांच्या शाम्पूने," आर्ची म्हणाला. "आणि मग तुझं ते. हिरव्या झाकणाचं."

एफी खुर्चीवर बसली. अंगातला कोटही तिने काढला नाही. ती ओरडली असती तर आर्चीला बरं वाटलं असतं, पण तिला तोंड उघडता येईना, आणि का येईना हे हळूहळू त्याच्या लक्षात येऊ लागलं.

"एफी," त्याने शेवटी विचारलं, "त्या बाटलीत काय असतं?"

"मऊपणा असतो," एफी म्हणाली.

मग एफीने आपले लाल हातमोजे काढून मांडीवर ठेवले आणि सगळं सांगितलं. आईचे केस शेवटपर्यंत तांब्यासारखे होते. ग्रिझेलचे अजूनही तसेच आहेत. त्या घराण्याच्या बायकांची शानच ती, गावात त्यांना केसांवरून ओळखतात. आणि पन्नाशीच्या आधीच कुणाचे केस पिकायला लागले, तर धाकटीचे, एफीचे. तेव्हापासून ती गुपचूप रंग लावत आली. खोक्यातून काढून जुन्या कंडिशनरच्या बाटलीत ओतून ठेवायची. इतकी वर्षं गावात कुणाला कळलं नाही.

"मलासुद्धा नाही," आर्ची म्हणाला. त्याला खरंच नवल वाटत होतं.

"तुला दिवाणखान्याचे पडदे बदललेलेही कळले नव्हते. ते निळे होते, आता हिरवे आहेत."

आर्चीने मान वळवून पाहिलं. पडदे हिरवे होते.

स्वेटरचं तिला वाईट वाटत होतंच, पण त्याहून मोठं भय वेगळं होतं. उद्या ग्रिझेल हा स्वेटर बघणार, मग एफीचे केस बघणार, आणि तिला दोन अधिक दोन करायला शाळेत शिकवायची गरज नव्हती, ती स्वतःच शिकवत होती. म्हणजे खरखरीत स्वेटरची नामुष्की टाळायला गेलो आणि खोट्या केसांची पदरात पडली. हे बोलता बोलता एफीने सवयीने स्वेटर उचलला आणि गालाला लावला. आणि थांबली. दुसऱ्या गालाला लावला.

"आर्ची," ती हळूच म्हणाली, "हा किती मऊ झालाय."

त्यानंतर तिला एवढा राग धरवेना. राग तसा होता, पण त्याचीही कडा मऊ पडली होती. दोघांनी मिळून सूप गरम केलं, आणि सूप पिता पिता आर्चीला कल्पना सुचली. सांगायचं, की आपण मुद्दाम रंगवून घेतला. आईच्या केसांचा रंग, तिची आठवण म्हणून. एफीने चमचा खाली ठेवून नवऱ्याकडे पाहिलं. लग्नानंतर एवढ्या कौतुकाने तिने त्याच्याकडे बघितल्याचं त्याला आठवत नव्हतं. फक्त हे सांगायचं मात्र आर्चीने, कारण ग्रिझेलच्या डोळ्यांत बघून एफीला कधी खोटं बोलता आलेलं नव्हतं. (आर्चीलाही येत नव्हतं, पण त्याला ग्रिझेलच्या डोळ्यांत बघताच येत नव्हतं, त्यामुळे ती अडचण नव्हती.)

रविवारी बरोबर चारला ग्रिझेलबाई आल्या. टोपी काढून खुंटीला लावली, तांबड्या केसांवरून हात फिरवला, आणि खुर्चीत ताठ बसल्या. आर्चीच्या हातांचा रंग काही केल्या गेला नव्हता, म्हणून एफीने त्याला लोकरीचे हातमोजे घालायला लावले होते. हातमोज्यांनी चहा ओतणं सोपं नसतं. ग्रिझेलबाईंनी बशीत सांडलेल्या चहाकडे पाहिलं, मग हातमोज्यांकडे.

"सांधे," आर्ची म्हणाला. "थंडीने धरतात."

मग स्वेटर आणला. एफीने तो पातळ कागदात बांधला होता. ग्रिझेलबाईंनी कागद उलगडला, आणि त्यांची बोटं थांबली. एफी बिस्किटाच्या बशीकडे बघत राहिली. आर्चीने घसा खाकरला आणि सुरुवात केली. सुरुवात चांगली झाली. आईची आठवण, तिच्या केसांचा रंग, दोघी बहिणींसाठी एक छोटीशी भेट. इथे थांबला असता तर निभावलं असतं. पण समोरून काहीच उत्तर येईना, आणि उत्तर आलं नाही की आर्चीच्या तोंडाला पाय फुटतात. त्याने गॅलशील्ड्सचा एक नामांकित रंगारी निर्माण केला. त्याला एक आजारी बायको दिली. मग रंग तंतोतंत जुळावा म्हणून नेलबाईंच्या केसांची एक बट नमुन्याला दिल्याचं सांगितलं.

"कुठली बट?" ग्रिझेलबाईंनी विचारलं.

"एफीने जपून ठेवली होती."

"मी?" एफीच्या तोंडून निघून गेलं.

ग्रिझेलबाई उठल्या. स्वेटर घेऊन खिडकीपाशी गेल्या. गालाला लावला. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी स्वेटर नाकाशी नेला आणि वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

"बदाम," त्या म्हणाल्या.

ग्रिझेलबाई वळल्या आणि त्यांनी धाकट्या बहिणीच्या केसांकडे पाहिलं. नीट, भांगापासून टोकापर्यंत पाहिलं. आणि मग आर्चीच्या डोळ्यांदेखत जे झालं ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. मुख्याध्यापिकेचे कान लाल झाले.

"हिरव्या झाकणाची?" तिने विचारलं.

एफीने होकारार्थी मान हलवली. मग तिने झटकन वर पाहिलं. "तुला कसं माहीत?"

"कारण माझ्याही न्हाणीघरात आहे," ग्रिझेल म्हणाली. "जुन्या कंडिशनरच्या बाटलीत. आईने सांगितलं होतं, तिथे ठेव, कुणी बघत नाही. मुख्याध्यापिका झाले त्याच वर्षी. आणि शपथ घातली होती, की एफीला सांगू नकोस. तिचे केस खरे आहेत, तिला वाईट वाटेल."

"मलाही तिनेच सांगितलं," एफी म्हणाली. "ग्रिझेलला सांगू नकोस म्हणून. तिचे केस खरे आहेत."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. हळूहळू दोघींच्या लक्षात एकच गोष्ट आली, की आईला या बाटलीची एवढी बारीकसारीक माहिती होती ती कुठून. आधी एफीच्या नाकातून आवाज आला. मग ग्रिझेलबाईंनी स्वेटर तोंडावर दाबून धरला, पण त्यांचे खांदे हलत होते. आणि मग दोघी अशा हसल्या की कुत्रा उठून टेबलाखाली गेला. त्या थांबायच्या, डोळे पुसायच्या, एक जण म्हणायची, "शेवटपर्यंत, तांब्यासारखे," आणि पुन्हा सुरू. आर्चीला सुरुवातीला हसावं की नाही कळेना, मग तोही हसला. त्याने सांगितलेल्या सगळ्या थापांत एक गोष्ट चुकून अक्षरशः खरी निघाली होती. रंग सासूबाईंच्याच केसांचा होता.

हसू ओसरल्यावर एफीने धीर करून ते दोन वर्षांपूर्वीचं "हं" विचारलं. ग्रिझेलला आठवत होतं, चांगलंच आठवत होतं. खिडकीपाशी स्वेटर धरला तर कॉलरवर एक केस दिसला. टोकाला तांबडा आणि मुळाशी पांढराशुभ्र. तिला वाटलं, तो आपलाच, आधीच्या वर्षीचा राहिलेला, आणि तो एफीने वर्षभर पाहिला असणार. घाबरून दुसरं काही सुचलं नाही.

"तो माझा असेल," एफी म्हणाली.

"म्हणजे," आर्चीने विचारलं, "मऊपणाचा प्रश्नच नव्हता?"

"स्वेटरचा मऊपणा कधी कमी झाला होता?" ग्रिझेल म्हणाली. "मी दर वर्षी बाळांच्या शाम्पूत बुडवते आणि सपाट वाळवते. तूही तेच करत असशील, एफी. एखाद्या वेळी साबण राहिला असेल, तेवढंच."

आर्चीने हातमोजे काढले. त्याचे तांब्याचे हात पाहून दोघींना पुन्हा हसू आलं, आणि त्याने ते सोसलं, कारण एफी हसताना फार छान दिसते आणि तो काल सकाळपासून तेवढ्यासाठीच राबला होता. तो आणखी चहा करायला आत गेला. किटली ठेवली, बिस्किटं मांडली. दिवाणखान्यातून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. इतकं मोकळं, इतक्या वेळ, त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या. आता प्रश्न स्वेटरचाच चालला होता. एफी म्हणत होती, नियमाने आता तुझी पाळी, पण मला सोडवत नाही, या रंगात तर मुळीच नाही. ग्रिझेल म्हणत होती, मलाही सोडवत नाही. मग आवाज जरा खाली आले. आर्ची ट्रे घेऊन दाराशी थांबला.

"कसाही असो," ग्रिझेल म्हणत होती, "माझ्यासाठी इतका खटाटोप करणारं माणूस माझ्या घरात नाही. तुझा हेवा वाटतो, एफी."

आर्चीची छाती फुगली. ट्रेवरच्या कपांनीही जरा मान उंचावली असं त्याला वाटलं.

"मग असं करू," एफी म्हणाली. "स्वेटर या वर्षी माझ्याकडेच राहू दे. त्याच्या बदल्यात आर्चीला घेऊन जा."

आत शांतता पसरली. ग्रिझेलबाई या प्रस्तावावर खरोखरच विचार करत असाव्यात. आर्ची श्वास रोखून उभा राहिला, आणि आश्चर्य म्हणजे आपली निवड व्हावी असं त्याला क्षणभर वाटूनही गेलं.

"नको," ग्रिझेलबाई शेवटी म्हणाल्या. "स्वेटरच दे. तो घडी घालून कपाटात ठेवता येतो."